साराबेरच्या पुढे कोण चालणार

उर्दाक, ८ फेब्रुवारी १९५३

ओक्ताव,

तुझं पत्र आलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. तुझं अक्षर मला लागत नाही म्हणून मास्तरांकडून वाचून घेतलं. तेव्हा तुला गुप्त काही लिहायचं असेल तर यापुढे मोठं अक्षर काढ.

तुझं म्हणणं असं की साराबेर हे आडनाव एका सरदाराचं आहे आणि आपल्या दारावरच्या दगडात कोरलेली ढाल हा त्याचा पुरावा. तुझ्या सोलांजच्या होणाऱ्या सासरचे मोंतिनी नावाआधी सरदारी ‘द’ लावतात, म्हणून आपणही लावायचा. त्यासाठी मी ढालीचा फोटो काढून घ्यायचा आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून ठेवायचं.

विचारलं. पाद्री म्हणतात साराबेर हा कोणी गिरणीवाला होता. मास्तर म्हणतात हे नाव डोंगरापलीकडून, स्पेनमधून आलं. खानावळीत आमच्या एमीलने विषय काढला तर तिथे तिघे होते आणि मतं पाच निघाली, शेवटी बाटलीचे पैसे एमीलला द्यावे लागले. ढालीखाली मी लसणाच्या जुड्या टांगते. त्या काढून फोटो घ्यायचा तर उन्हाळ्यापर्यंत थांब.

आणि इथे नाव माणसाचं नसतं, घराचं असतं, हे तुला मी सांगायचं का? एमील लग्न करून इथे राहायला आला त्या दिवसापासून गाव त्याला साराबेरच म्हणतं. मागे नवा पोस्टमन दारोदार विचारत होता, एमील बोर्दनाव कोण? आपल्या अंगणात आला तर एमीलनेच त्याला सांगितलं, ‘या नावाचं इथे कोणी नाही बाबा.’ दिवसभर ते पत्र परत जायच्या पिशवीत होतं.

आई बरी आहे. तुझं नाव काढत नाही. बाबांच्या अंत्ययात्रेत तू ओढ्यापलीकडच्या ज्युस्ताँच्या हातातून क्रूस काढून घेतलास आणि समोरच्या पुयूच्या हातात दिलास, तेव्हापासून नाही काढलं.

कोकरं व्हायला लागली आहेत. मला वेळ नाही.

नोएली


उर्दाक, १ मार्च

ओक्ताव,

आई अंथरुणाला आहे. छाती भरली आहे. डॉक्टर येऊन गेला, बोलला काही नाही, आमच्या कुत्र्याचं मात्र कौतुक करून गेला. यावरून काय ते समज.

तुझं दुसरं पत्र मास्तरांनी वाचलं. वाचताना दोनदा थांबले, मी म्हटलं वाचा. तर तुला हवं ते असं: आईचं काही झालं तर पो शहरातून काळी मोटार येईल, मोंतिनी मंडळी बोर्दोहून येतील, आणि सगळ्यांच्या पुढे क्रूस घेऊन पुयू चालेल, ज्युस्ताँ नाही. तू विचारतोस, ओढ्यापलीकडच्या एका सुताराने साराबेरच्या पुढे चालायचं कारणच काय? समोरचं दार पुयूंचं. पहिला शेजारी म्हणजे सगळ्यांत जवळचा. बाकी सगळ्या गावात तसंच आहे.

खरं सांगते, याचा मी कधी विचार केला नव्हता. रीत आहे म्हणून आहे. कोणी गेलं की पहिला शेजारी चर्चमधून क्रूस आणतो, पोळ्यांवर टकटक करून मधमाश्यांना सांगतो, पुढे चालतो. त्याची बायको आपल्या चुलीवर रांधते, कारण आपण त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही. लाकुमचं, म्हणजे ज्युस्ताँच्या घरातलं, कोणी गेलं की हेच सगळं आपण करायचं. आजवर केलं.

पुयूची सुझान परवा अंड्यांची टोपली घेऊन आली. आमच्याकडे अंडी नाहीत असं तिला कोणी सांगितलं कोण जाणे.

‘नोएली, ओक्तावचं आमच्या यांना पत्र आलंय,’ ती म्हणाली. ‘आम्ही तयार आहोत हो. आता कोण जुनं धरून बसतं?’

‘काय जुनं?’

‘अगं, म्हणजे... जुनं ते जुनं.’

‘तुझ्या तोंडात काय आहे ते थुंक नाहीतर गीळ, सुझान. माझं दूध उतू चाललंय.’

तिने गिळलं. अंडी ठेवून गेली. अंडी चांगली होती.

ज्युस्ताँच्या कानावर गेलंच. संध्याकाळी लाकूड घेऊन आला, दारातच उभा राहिला, टोपी काढली नाही. म्हणाला, ‘ताई, तुझ्या भावाला मी पुढे चाललेलं नको आहे म्हणे.’

‘त्याला बरंच काही नको आहे.’

‘मला काय, माझे गुडघे दुखतात. पण मी हौसेने येतो असं त्याला वाटतं का? पाळी माझी आहे. पाळी काय मी मागून घेतली?’ मग आईच्या खोलीकडे मान करून मोठ्याने, ‘म्हातारे, मरतेस का जगतेस? मला छत शाकारायला जायचंय!’

आई आतून म्हणाली, ‘तुझ्या आधी नाही मरणार, आळश्या.’

ती हसली, मग बराच वेळ खोकली. तिची शवपेटी ज्युस्ताँने केव्हाच करून ठेवली आहे, चेस्टनटच्या लाकडाची. माळ्यावर आहे, सध्या त्यात अक्रोड ठेवले आहेत.

मी काय करू, तू सांग. पुयूला हो म्हणू की नाही?

नोएली


उर्दाक, १२ मार्च

ओक्ताव,

पुयूला नाही म्हटलं. का ते लिहिते. हे मास्तरांना लिहायला सांगितलं नाही, माझं मी लिहिते आहे, तेव्हा चुका काढू नकोस.

तुझा प्रश्न मी आईलाच विचारला. म्हटलं, आई, थुंकलं तर पोचेल एवढ्यावर पुयूंचं दार, आणि आपला पहिला शेजारी ओढा ओलांडून पलीकडे कसा?

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मी उठले तर म्हणाली, ‘बस. लाकुमच्या बाजूला त्या भिंती आहेत ना, जिथे तुम्हाला साप आहेत म्हणून खेळू देत नव्हतो?’

‘हो.’

‘साप नव्हते. ते साराबेर आहे.’

ओढ्यापलीकडे कोण राहायचं ते तुला माहीत आहे. चर्चच्या उत्तरेच्या भिंतीत ते बुजवलेलं ठेंगणं दार कोणासाठी होतं तेही माहीत आहे. कोणाला पवित्र पाणी काठीच्या टोकाने द्यायचे, कोणाला सुतारकामाशिवाय दुसरं काम करू द्यायचे नाहीत, कोणाला स्मशानातही वेगळा कोपरा होता. तो शब्द आपल्या घरात कधी कोणी उच्चारला नाही. बाबांसमोर एकदा मी उच्चारला तर थोबाडीत बसली होती, का ते आज कळलं. कागो. बघ, लिहिला, काही झालं नाही.

आईने सांगितलं ते असं. आपलं घर, हे ढालवालं, याचं नाव साराबेर नव्हतंच. याचं नाव आस्पेत. मागच्या कुरणाला सगळे आस्पेतचं कुरण म्हणतात ते उगाच नाही. आस्पेतचे सरदार निपुत्रिक गेले, घर पडून राहिलं. बाबांच्या पणजोबांनी पुरात पलीकडचं घर गमावलं आणि सुतारकामाच्या कमाईवर हे घेतलं. आता रीतीप्रमाणे काय व्हायला हवं होतं? घरात राहायला आला तो त्या घराचा झाला. एमील साराबेर झाला तसे आपण आस्पेत व्हायला हवं होतं.

गावाने होऊ दिलं नाही. घर घेतलंत, घ्या. नाव मिळणार नाही. पलीकडे होतात तेव्हाचंच नाव चालवा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळेल तुम्ही कुठून आलात. साराबेर म्हणजे ते. तू ज्याला ‘द’ लावायला निघाला आहेस ते, बाबा, गावाने आपल्याला विसरू दिलं नाही ते आहे.

आणि आपलं पहिलं प्रेत या घरातून निघालं तेव्हा समोरचे पुयू दार लावून आत बसले. तेव्हाचे पुयू. क्रूस घेऊन कोणी येईना. लाकुम ओढा ओलांडून आला, कारण पलीकडे तो पहिला शेजारी होता. तेव्हापासून तोच येतो.

मी म्हटलं, ‘पण आता सुझान यायला तयार आहे. अंडी घेऊन आली होती.’

आई म्हणाली, ‘मी या घरात सून म्हणून आले. माझ्या माहेरचं कोणी लग्नाला आलं नाही, आमचं घर वरच्या अंगाचं, यांच्यातलं नव्हे ना. रीत अशी की नवरीला उंबऱ्यावर पहिल्या शेजारणीने घ्यायचं. समोरच्या पुयूबाईने खिडकीचा पडदा ओढला. ज्युस्ताँची आजी लाकडी बुटांत पाणी भरलेलं, ओढ्यातून धावत आली. धापा टाकत म्हणाली, ये गं, उशीर झाला, पूल वाहून गेलाय. जे मला आणायला आले नाहीत त्यांनी मला न्यायला येऊ नये.’

मग म्हणाली, पाणी दे. दिलं.

आता फोटो हवा असेल तर काढते. ढाल आस्पेतची आहे.

नोएली


उर्दाक, २७ मार्च

ओक्ताव,

ज्युस्ताँ गेला. आई नव्हे, ज्युस्ताँ. छत शाकारत होता, खाली उतरला, मंगळवारी सकाळी कठड्यावर बसून कांदा-पाव खात होता, तसाच कलंडला. हातात कांदा.

आपण केलं सगळं. चर्चमधून क्रूस एमीलने आणला. मधमाश्यांना मी सांगितलं. त्याच्याकडे पोळी दोनच आहेत आणि माश्या रागीट, एक मानेवर चावली. त्याच्या चुलीवर मी गारब्यूर सूप केलं, कोबी त्याच्याच परड्यातला, हाडूक आपल्याकडचं. माणसं बरीच आली. पुयू दोघं आले. सुझान भांडी घासायला लागली तर मी म्हटलं, ‘राहू दे, ती पाळी माझी आहे.’ तर म्हणाली, ‘पाळी तुझी असू दे, पण तुझ्या हाताला तेवढी भांडी उरकायची नाहीत.’ दोघींनी घासली. हे मी तुला का लिहिते आहे? लिहिते, एवढंच.

सुतार होता पण स्वतःसाठी पेटी केली नव्हती. आई म्हणाली, ‘माझी द्या त्याला.’ अक्रोड काढून पोत्यात भरले. त्याला पेटी आखूड पडली, गुडघे थोडे वाकवावे लागले. एमील म्हणाला, आयुष्यभर गुडघ्यांची तक्रार करत होता, शेवटीही तेच.

ज्युस्ताँला बायको-मुलं नव्हती. बहीण बायोनला नन आहे. लाकुमचं दार मी लावून घेतलं. चुलीतला विस्तव विझला आहे.

घरी आले तर आईने पहिलं काय विचारलं असेल? ‘आता मला कोण नेणार?’

नोएली


उर्दाक, २ एप्रिल

ओक्ताव,

हे पत्र नीट वाच आणि मोंतिन्यांना दाखवू नकोस. किंवा दाखव. माझं काही जात नाही.

आईचे दिवस थोडे आहेत. तिला दुसरं काही नको. पाद्री येऊन गेले, सगळं करून गेले, त्यांना तिने विचारलं, लाकुमचा विस्तव विझला तर पहिला शेजारी कोण? ते म्हणाले, देव सगळ्यांचा शेजारी आहे. आई म्हणाली, ‘देवाला क्रूस उचलायला लावू का?’ पाद्री उठून गेले.

पुयू नको, हे ती परत परत सांगते. सुझान वाईट नाही, मी सांगितलं तिला. ती म्हणते, ‘वाईट नाही, पण आपली पहिली शेजारीण ती नाही.’ हट्टी आहे. तू कोणावर गेलास असं तुला वाटत होतं?

मी आणि एमील तीन रात्री डोकं खाजवतो आहोत. नियम सरळ आहे. लाकुमच्या घरात जो राहील, तिथे विस्तव पेटवून झोपेल, तो लाकुम. रक्ताचा असो नसो. एमील म्हणाला, मी जातो. म्हटलं, तू कसा जाशील, तू साराबेर आहेस. याच घरातला माणूस याच घराचा शेजारी कसा होईल? तो म्हणाला, ‘एका आयुष्यात दोनदा नाव बदलायची माझी तयारी आहे, पण तुझंही खरं.’ मीही तशीच अडकलेली. आमचा पोरगा तसाच, या घराचा वारस.

मग मला तू आठवलास.

तू धाकटा. घर माझ्याकडे आलं आणि तू बाहेर पडलास. जो घरातून बाहेर पडतो त्याला गाव त्या घराच्या नावाने हाक मारत नाही. मागच्या वेळी तू आलास तेव्हा पोरं काय म्हणत होती, ऐकलंस ना? ‘बोर्दोवाले साहेब आले.’ तुझ्या कागदांवर साराबेर असेल, इथे तू कोणीच नाहीस. सगळ्या खानदानात साराबेर नसलेला तू एकटा आहेस, आणि आडनावासाठी तूच मरतो आहेस, यावर एमील इतका हसला की त्याला ठसका लागला. मी नाही हसले.

तेव्हा ये. लाकुमच्या घरात राहा. विस्तव पेटव, तिथे झोप. आई गेली की चर्चमधून क्रूस आण आणि तिच्यापुढे चाल. ज्या हाताने ज्युस्ताँकडून घेतलास त्याच हाताने. मोंतिनी आले तर येऊ देत. काळी मोटार नको, पूल अरुंद आहे. पेटी मात्र पो शहरातून आण, तिची गेली.

मी तुला आधी लिहिलं की आई तुझं नाव काढत नाही. ते खोटं होतं. रविवारी जेवायला बसताना तुझी ताटली मांडते. मी उचलून ठेवते, ती परत मांडते.

येणार नसशील तर तसं एका ओळीत कळव. कारणं नकोत, मास्तरांचा वेळ जातो.

नोएली


उर्दाक, १९ एप्रिल

ओक्ताव,

पत्ता साराबेर असा घातला आहे, कारण बोर्दोच्या पोस्टाला तेवढंच कळतं.

तू विचारतोस लोक काय म्हणाले. लोक काय म्हणणार? पहिल्या सकाळी लाकुमच्या धुराड्यातून धूर यायच्याऐवजी दारातून यायला लागला तेव्हा सगळं गाव बाहेर आलं. सुझान ओरडली, ‘अहो, वरची झडप उघडा, झडप!’ शेवटी तिनेच जाऊन उघडली. म्हणते, तुझ्या भावाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हटलं, धुराने. ती म्हणाली, हो, धुरानेच.

आईने खिडकीतून धूर पाहिला. ‘कोण आहे तिथे?’

म्हटलं, ‘ओक्ताव.’

‘हातमोजे घालून पेटवली असणार,’ ती म्हणाली. तू भेटायला आलास तेव्हा ती जागी होती, डोळे मिटून पडली होती. तू हात धरलास ते तिला कळत होतं. हे तुला सांगावं की नाही ठरत नव्हतं.

तू पुढे चाललास, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. चालायचं होतं, चाललास. पुलावर पाणी होतं तरी थांबला नाहीस. मी मागून बघत होते, मला तुझी पाठ बाबांसारखी वाटली. एवढंच.

एक गोष्ट तुला माहीत नाही, तू पुढे होतास. मोंतिनीबाई माझ्या मागे होत्या, चिखलात त्या बारीक टाचांवर. त्यांनी सुझानला विचारलं, ‘क्रूस घेऊन चालले आहेत ते गृहस्थ कोण?’ मी कान टवकारले. सुझानने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि म्हणाली, ‘ते? ते लाकुम.’ मोंतिनीबाई म्हणाल्या, ‘आमच्या व्याह्यांसारखे दिसतात.’ सुझान म्हणाली, ‘दिसणारच. ओढ्यापलीकडचे सगळे एकसारखे दिसतात.’ आणि मग दोघी मिळून त्या चिखलातून एकमेकींचा हात धरून चालल्या. लग्न मोडलं का ते कळव. मोडलं असेल तर सोलांजला इथे पाठव, दूध काढायला माणूस हवा आहे.

‘द’ चं काय केलंस ते तू लिहिलं नाहीस. मी विचारत नाही.

लाकुमचा विस्तव मी राखेत झाकून ठेवते, रोज जाऊन बघते. तो विझू द्यायचा नाही. माझा हिशोब साधा आहे. साराबेरच्या घरात आता सगळ्यांत मोठी मी. माझ्या पाळीला लाकुमला यावं लागेल, आणि लाकुम तू आहेस. मला घाई नाही, पण छाती माझीही आईसारखीच आहे. बूट दणकट घेऊन ये. या वेळचे ओढ्यात फाटले, मी पाहिलं.

नोएली